नाहूरला चालेल का

भाऊजी, काल संध्याकाळी तुमच्या ऑफिसातली प्राची घरी आली होती. तुम्ही जिच्याबद्दल म्हणायचात, "हुशार आहे, पण घाई फार," तीच. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दारात चपला काढता काढता तिनं विचारलं, "तुम्हीच वहिनी ना?" मी मान हलवली. परक्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तिला ठाऊक नव्हतं. पाणी आणून देईपर्यंत तिचे दोन-तीन प्रश्न विचारून झाले होते, आणि उत्तरासाठी ती माझ्याकडे बघत बसली होती.

ती काय विचारायला आली होती ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणून आज दुपारी हे लिहायला बसले. तुमच्या दादांना सांगायला गेले तर ते ऐकतात, पण तुमचं नाव निघालं की मध्येच उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात. कुंड्यांत चिखल झालाय नुसता. मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर पेन हातात धरलं ते किराणा लिहिण्यापुरतं. पण तुमच्याशी बोलायला आता दुसरी सोय नाही.

आपल्या घरी हे सगळं भाकरीवरून सुरू झालं, ते प्राचीला सांगताना मला पुन्हा आठवलं. तुम्हाला तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात लागायची. गार झाली की चामट होते, मग तुम्ही काही बोलायचा नाहीत, पण आमटीत बुडवून ठेवायचात आणि मला ते दिसायचं. तुमच्या यायच्या वेळेला काही धरबंध नव्हता. अंधेरीहून कधी सातला निघायचात, कधी दहाला. मोबाईल बॅगेत, तोही मुका करून ठेवलेला. एकदा मी धीर करून ऑफिसच्या फोनवर फोन लावला. दुसऱ्याच कुणी उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?" मी ठेवून दिला. त्या दिवशी तुम्ही घरी आलात ते हसतच. "आज ऑफिसात भुताचा फोन आला होता," म्हणालात. मी मान वर केली नाही. तेव्हा तुम्हाला कळलं, आणि पुढे तुम्ही त्यावरून कधी चिडवलं नाहीत.

त्याच रविवारी तुम्ही मला तुमच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसवलंत. "वहिनी, मी कधी निघतो ते आता तुमचं तुम्हाला कळेल. आणि हे विचारायला तोंड उघडावं लागत नाही."

तोवर मला वाटायचं तुम्ही ऑफिसात हिशेब लिहिता. त्या दिवशी कळलं की तुम्ही 'हाक' बनवता. एका मशीननं दुसऱ्या मशीनला हाक मारायची. ते चालू असेल तर ओ देतं, बंद असेल तर देत नाही. एवढंच. घरोघरी इंटरनेट पुरवणारी माणसं तुमची हाक वापरतात आणि कुठं तार तुटली ते शोधतात, असं तुम्ही सांगितलंत. पडदा काळा, त्यावर चित्र नाही, रंग नाही. अक्षरं लिहायची आणि एंटर मारायचं. इंग्रजी अक्षरं मी तुमच्याकडून त्याच बटणांवर शिकले, म्हणून मला अजून एबीसीडी ओळीनं येत नाही, बटणांच्या जागेनं येते. हाक, मग जागा सोडायची, आडवी रेघ, डब्ल्यू, जागा, पन्नास, जागा, अंधेरी. तुमच्या टेबलावरच्या मशीनचं नाव तुम्ही अंधेरी ठेवलं होतं. आकड्यांची लांब ओळ आली की तुम्ही ऑफिसात आहात. लहान ओळ आली की मशीन बंद करून निघालात. तुम्ही निघालात की मी पीठ मोजायची. तुम्ही घाटकोपरला मेट्रोतून उतरेपर्यंत उकड निघालेली असायची आणि तुम्ही आपल्या नाहूर स्टेशनचा जिना उतरेपर्यंत ती मळून व्हायची. बेल वाजली की तवा.

इतकी वर्षं मी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ती हाक मारायची. शेजारणीला वाटायचं मी कॉम्प्युटर शिकलेय. मला एकच वाक्य येत होतं.

त्या वाक्यातल्या पन्नासावरून आपलं भांडण सुरू झालं. "पन्नास कशाचे?" मी विचारलं होतं. "ओ येईपर्यंत किती वेळ थांबायचं त्याचे," तुम्ही म्हणालात. मी मनात मोजून पाहिलं. पाच होतात न होतात तोच लहान ओळ आली. "हे पन्नास नाहीत," मी म्हणाले. तुम्ही कान खाजवलात. हाक पहिल्यांदा लिहिली तेव्हा तिथं पुरे सेकंद मोजायचे होते, पण तुमच्या हातून सेकंदाचा दहावा भाग मोजला गेला. लक्षात येईपर्यंत लोक वापरायला लागले होते. पाच सेकंद थांबायचं तर पन्नास लिहायचं, हे त्यांनी आपापलं शिकून घेतलं होतं.

"मग दुरुस्त करा ना."

"आता नाही करता येत."

"चूक तुमची आणि तुम्हालाच दुरुस्त करता येत नाही?"

"वहिनी, आज मी पन्नासचे खरे पन्नास केले तर तुम्ही इथं खुर्चीला चिकटून बसाल आणि तिकडे आमटी उतू जाईल."

"मला सांगा, मी पाच लिहीन."

"तुम्हाला सांगीन हो. बाकीच्यांना कोण सांगणार?" मग तुम्ही ताटातला हात तसाच ठेवून सांगत बसायचात. कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर, जिन्याखालच्या पेटीत एक मशीन असतं. कुणीतरी त्यावर हे वाक्य एकदा लिहून ठेवलेलं असतं आणि विसरून गेलेलं असतं. तो माणूस नोकरी सोडून गेला, गावी गेला, कुठे गेला कुणाला माहीत नाही. मशीन मात्र रोज सकाळी तेच वाक्य म्हणतं, शंभर ठिकाणी हाका मारतं आणि कुठून ओ आली नाही ते मालकाला कळवतं. "मी त्या अक्षराचा अर्थ बदलला तर ते मशीन तक्रार नाही करणार. ते चुकीचं काम करत राहील, आणि कुणाला पत्ता लागणार नाही. अक्षर काढून टाकलं तर निदान अडेल तरी. अर्थ बदलणं सगळ्यात वाईट."

ते बोलताना तुम्ही त्या मशीनची अशी काळजी करायचात की जणू ते आपल्या नात्यातलं होतं.

मला ते पटायचं आणि पटायचं नाही. तुम्ही आईंच्या मापट्याचा दाखला द्यायचात. सासूबाईंचं ते पितळी मापटं गिरणीच्या चाळीपासून आपल्याबरोबर आलं, बुडाला पोचा घेऊन. "आईनं ते फेकलं का? पाणी त्या बेतानं घातलं. आपल्या घरचा भात त्या पोच्यावर उभा आहे," तुम्ही म्हणायचात. एकदा बाजारातून रेघा मारलेलं नवं माप आणून, पाणी त्यानं मोजून तुम्हीच माझ्या भाताची खीर केली होती, तीही तुम्हाला दाखल्याला उपयोगी पडली.

मग मी माझ्या लेकीला, रुपालीला पुढे करायची. बोरिवलीला सासरी गेल्यावर आपल्या रुपालीनं पहिल्या रविवारी भात लावला. चार माणसांना तीन मापटी, हे ती जन्मापासून ऐकत आलेली. सासरचं मापटं सरळ. भात एवढा झाला की दोन दिवस त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ फोडणीचा भात. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या माहेरी माणसं जेवतात की पंगत बसते गं?" हे ऐकून तुम्हाला ठसका लागला होता. तुमचं हसून झालं तशी मी म्हणाले, "जुन्यांची सोय झाली. नवीन पोरीनं काय करायचं? तिला तर पोचा कुणी दाखवलाच नाही."

तुम्ही "हं" म्हणालात. माझं बोलणं लागलं की तुम्ही एवढंच म्हणायचात.

तुमचे दादा तिकडून म्हणायचे, "आधी जेवा, मगे भांडा."

मी दुसरा उपायही सुचवून पाहिला होता. नुसती एक ओळ दाखवा, की हे माप जुनं आहे. तुम्ही म्हणालात, ती ओळ माणूस वाचेल तर बरं, पण बरेचदा हाकेचं उत्तरही मशीनच वाचतं. त्याला सांगून ठेवलेलं असतं की पहिल्या ओळीत उत्तर असतं. तिथं तुमची सूचना दिसली की त्याची वाट लागली. मला तेव्हा वाटलं, भाऊजी नाही म्हणायला कारणं शोधतात.

पण मग ती तुमचीच फजिती झाली. एका सुट्टीत तुम्हाला हुरूप आला आणि तुम्ही हाकेचं उत्तर सुंदर करायला घेतलंत. वर मथळा, खाली आकडे एकाखाली एक, सरळ रांगेत. घरच्या कॉम्प्युटरवरही नवी हाक टाकून ठेवलीत. दुसऱ्या दिवशी मी दिवा लावून वाक्य लिहिलं. वरच लहान ओळ दिसली. मी उठले. उकड काढली, मळली, तुमची वाट बघून बघून शेवटी भाकऱ्या केल्या. तुम्ही आलात तेव्हा त्यांची ढाल झाली होती. तुम्ही आमटीत बुडवून खायला लागलात तेव्हा मी म्हणाले, "लवकर निघाला होतात ना? कुठे थांबलात?"

"नाही. आत्ताच तर निघालो."

उष्ट्या हातानं तुम्ही कॉम्प्युटरपाशी गेलात. "वहिनी, तुम्ही फक्त पहिली ओळ बघता?"

"तुम्हीच सांगितलंत. लहान ओळ आली की निघालो."

तुम्ही त्या मथळ्याकडे बघत राहिलात. "वाट लावली मी," म्हणालात. "जे सगळ्यांना करू नका सांगतो तेच घरात केलं." मग दादांकडे वळून, "ऐकलंस का, मी ज्या मशीनची काळजी करतो ना, ते आपल्या स्वयंपाकघरात बसलंय." मला मशीन म्हणालात, पण मला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळं पहिल्यासारखं केलंत. ऑफिसात काय सांगितलं विचारलं तर म्हणालात, "घरून तक्रार आलीय म्हणून सांगितलं. सगळे हसले." माझ्या मते ते तिथंच संपलं होतं.

ते संपलं नव्हतं, हे काल प्राचीनं सांगितलं.

चहा झाल्यावर ती म्हणाली, "वहिनी, आम्ही हाकेत काहीही बदल केला की मशीन आधी आपोआप तपासण्या घेतं. जुनं काही मोडलं का बघायला. त्यातल्या एका तपासणीचं नाव नाहूर आहे. ती एकच वाक्य लिहिते. आडवी रेघ, डब्ल्यू, पन्नास, अंधेरी. आणि पाच सेकंदांच्या आत उत्तर येतं का ते, आणि उत्तराची पहिली ओळ बघते. ती लाल झाली की सर कुणालाही पुढे जाऊ द्यायचे नाहीत. मीटिंगमध्ये कुणी काही नवीन काढलं की सर मागं टेकून एवढंच विचारायचे, 'नाहूरला चालेल का?' मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, नाहूरला आमचं कुणी मोठं गिऱ्हाईक आहे."

मी जवळच्या स्टुलावर बसले. तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत. मी इथं पीठ मळत होते आणि तिकडे अंधेरीत माणसं माझ्यापाशी येऊन अडत होती. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. तुम्ही असता तर मी आधी लाजेचं भांडण केलं असतं, बरं वाटल्याचं कदाचित सांगितलं नसतं.

मग ती मूळ गोष्टीवर आली. नवीन हाक तयार झाली आहे. तिच्यात पन्नास म्हणजे पन्नास. डब्ल्यूपुढे लिहिलेला आकडा पुऱ्या सेकंदांचा. सगळं ठीक आहे, फक्त नाहूर लाल होते. "ती तपासणी काढली की झालं. काढायला मिनिटही लागत नाही. पण कुणाचा हात होईना. सगळे म्हणाले, तू जाऊन विचारून ये."

तिला वाटलं मला समजलं नाही, म्हणून ती समजावून सांगायला लागली. "चूक किती वर्षं चालवायची? नवीन आलेलं प्रत्येक पोर यात फसतं. मी पण फसले ना. पहिल्याच आठवड्यात पाच सेकंद म्हणून पाच लिहिलं. अर्ध्या सेकंदात कोण ओ देणार? मी सगळी मशीनं मेली म्हणून कळवून मोकळी. सर ओरडले नाहीत. म्हणाले, मापट्यानं तुलाही गंडवलं. मला तेव्हा काही कळलंच नाही, कसलं मापटं."

भाऊजी, ती माझंच बोलत होती. शब्द न् शब्द माझा. मी नुसतं "काढा" म्हटलं असतं की आपलं भांडण मी जिंकलं असतं. आणि माझ्या जिभेवर ते येईना. समोर तुम्ही नाहीत, "हं" म्हणायला कुणी नाही, आणि मी जिंकायचं. शिवाय तुम्ही गेलात त्याच्या आधल्या आठवड्यात मी रुपालीचं पुन्हा काढलं होतं, तेव्हा तुम्ही नेहमीसारखं नाही म्हणाला नव्हतात. "विचार करतो. रविवारी बोलू," म्हणाला होतात. तो रविवार आलाच नाही. तुम्ही काय विचार केला होता ते मला माहीत नाही, आणि आता कळायचं नाही.

"सरांना काय वाटलं असतं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. तिच्याशी बोललेला माझा हा पहिला धड शब्द. "पण ते काय म्हणायचे ते सांगते."

आणि मी सांगितलं. जिन्याखालची पेटी सांगितली, गावी गेलेला माणूस सांगितला, रोज सकाळी तेच वाक्य म्हणणारं मशीन सांगितलं. अक्षर काढलं तर अडेल, अर्थ बदलला तर कुणाला कळणारही नाही, हे सांगितलं. मापटं आत जाऊन आणलं आणि पोचा दाखवला. तुम्ही जसं सांगायचात तसंच, तुमच्याच क्रमानं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. तिच्या ताटलीतली चकली तशीच राहिली.

"हे आम्हाला कधी असं सांगितलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "फक्त नाही म्हणायचे. आम्हाला वाटायचं, सर हट्टी आहेत."

बघा. इथं ताट गार होईपर्यंत बोलायचात आणि तिथं एक शब्द. तुम्ही मला एकदा म्हणाला होतात, "वहिनी, ऑफिसात मी तुमच्यासारखाच असतो." मला वाटलं माझी चेष्टा करताय. तसं नव्हतं तर. आपण दोघंही बाहेर मुके, आणि तुमचं सगळं बोलणं या घराच्या वाट्याला आलं. मी त्याबद्दल तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. दिवसभर माझ्याशी तेवढं बोलणारं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं, हेही म्हटलं नाही. सांगायचं असतं हेच सुचलं नाही.

प्राची पेल्याशी चाळा करत म्हणाली, "पण वहिनी, आता तुम्ही..." आणि थांबली. आता तुम्ही कुणासाठी हाक मारणार, हे तिच्या ओठावर आलं होतं. पोरगी घाईची असली तरी वाईट नाही.

"माझ्यासाठी ठेवू नका," मी म्हणाले. "ते माझ्यासाठी नव्हतंच. भाऊजी म्हणायचे, बाकीचे मला दिसत नाहीत, तुम्ही दिसता, म्हणून तुमच्याकडे बघून करतो. मी गेले तरी ते बाकीचे आहेतच." मग माझंही सांगितलं, कारण तेही खोटं नव्हतं. "डब्ल्यूला हात लावू नका. पण नवीन पोरांसाठी दुसरं अक्षर काढा, खऱ्या सेकंदांचं. पहिल्या दिवशी तेच शिकवा. आमच्या रुपालीला पहिल्यापासून सरळ मापटं दिलं असतं तर तिला बोलणी खावी लागली नसती."

"तसं आमच्यातही एकानं सुचवलं होतं," ती म्हणाली. "पण दोन-दोन मापं म्हणजे दोन्ही सांभाळत बसायचं. कायमचा ताप आहे."

"ताप आहेच. भाऊजी असला ताप सोसायचे."

ती बराच वेळ मापट्याच्या पोच्यावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "म्हणजे नाहूर राहू दे."

"राहू दे."

"आमच्या मोठ्या साहेबांना पटवावं लागेल."

"माझ्यावर ढकला. घरून तक्रार आलीय म्हणा."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मी तिला चकली संपवायला लावली.

तेव्हा अर्धं तुमचं झालं आणि अर्धं माझं. तुम्ही असता तर हे मान्य केलं असतं की नाही, देव जाणे. कदाचित रविवारी तुम्ही हेच म्हणणार होतात. कदाचित आणखी एखादी जिन्याखालची पेटी काढली असती आणि आपण पुन्हा पहिल्यापासून भांडलो असतो. मला ते जास्त आवडलं असतं.

जाताना चपला घालताना ती घुटमळली. "अजून एक होतं वहिनी. सरांचं मशीन अजून चालूच आहे. त्या दिवशी त्यांनी काहीतरी मोठं काम लावून ठेवलं होतं. ते कधीच संपलंय. पण कुणी बंद केलं नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत असणारच ना, भाऊजी. तुम्ही बरं वाटत नाही म्हणून दुपारीच निघून आलात, त्या दिवशी बेल वाजली तेव्हा मी नुकतीच सहज हाक मारली होती आणि लांब ओळ आली होती. अंधेरी ओ देत होतं आणि तुम्ही दारात उभे होतात. हाकेनं मला खोटं सांगितलं ते तेवढं एकदा. आणि त्यानंतर रोज. तेराव्यालाही, पाहुणे बाहेर जेवत होते तेव्हा, मी आत येऊन वाक्य लिहिलं. लांब ओळ. तुम्ही ऑफिसात आहात. उकड काढायची घाई नाही. तुम्ही गेल्यापासून घरात भाकरी झाली नाही. मी भात लावते, आणि तुमच्या वाट्याचं मापटं कमी करायला हात धजत नाही, म्हणून रोज उरतो. हे मी दादांना सांगितलं नव्हतं.

"बंद करू का?" प्राचीनं विचारलं.

तिनं विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं आधी वाटलं. मग वाटलं, तुम्हाला असं किती दिवस तिथं बसवून ठेवायचं.

"उद्या करा," मी म्हणाले. "ते निघायचे त्या वेळेला."

"सर कधी निघायचे? आमच्याआधी कधी निघालेले आठवत नाहीत."

"सात म्हणायचे आणि साडेसातला निघायचे. ज्या दिवशी मनासारखं काम व्हायचं त्या दिवशी."

"मग साडेसातला करते. मी स्वतः."

दुपारी इथवर लिहून ठेवलं होतं. आता जेवणं झाली आहेत, बाकीचं लिहिते.

संध्याकाळी दिवा लावला आणि कॉम्प्युटरपुढे बसले. सात वाजता हाक मारली, लांब ओळ आली. थोड्या वेळानं पुन्हा मारली, तीच. तुमचे दादा गॅलरीतून आत आले आणि माझ्या मागे उभे राहिले. इतक्या वर्षांत ते कधी तिथं उभे राहिले नव्हते. "काय बघतंस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते निघून गेले नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसले. मी कुठलं बटण कधी दाबते ते त्यांनी नीट पाहिलं. मग मला बाजूला करून एकदा त्यांनी स्वतः लिहिलं, एका बोटानं, रेघ शोधत. लांब ओळ आली. त्या ओळीकडे ते तुमच्याकडे बघायचे तसे बघत राहिले.

साडेसात होऊन गेल्यावर मी पुन्हा लिहिलं. हाक, आडवी रेघ, डब्ल्यू, पन्नास, अंधेरी. एंटर. पडदा काळाच राहिला. पाच मोजायला किती वेळ लागतो. खालच्या रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता, तो वाद संपायच्या आत लहान ओळ आली.

"बंद केल्यानी," दादा म्हणाले.

"निघाले," मी म्हणाले.

उठताना ते म्हणाले, "मगे तवो ठेव."

मी पीठ मोजलं, उकड काढली, मळली. आज घाई केली नाही, तुम्हाला यायला लागायचा तेवढा वेळ घेतला. पहिली भाकरी टम्म फुगली. ती नेहमी तुमच्या ताटात पडायची. दादांनी त्यांचं ताट पुढे केलं, आणि मी ती गरम आहे तोवर वाढली.